दादा, मी रेसिस्ट आहे म्हणे

"दादा, मी रेसिस्ट आहे म्हणे."

रविवारी सकाळी साडेआठला फोन उचलल्या उचलल्या हे वाक्य. मी किल्लारीला मामाकडे आलो होतो, हातात आजीने दिलेला चहा, आणि पलीकडे अमेरिकेतून मामेबहीण. तिकडे अजून शनिवारची रात्रच. एरवी तिचा फोन "काय करायलास?" असा सुरू होतो. तिकडे वर्ष काढलं तरी 'करायलास' काही सुटलेलं नाही. यावेळी तेही नाही, म्हणजे प्रकरण गंभीर.

झालं होतं असं की तिच्या विद्यापीठात डायव्हर्सिटीचा एक छोटासा सक्तीचा कोर्स आहे. तुम्ही कॉम्प्युटर सायन्सचे असा नाहीतर आणखी कशाचे, सुटका नाही. त्यात गृहपाठ होता: ऑनलाइन एक चाचणी द्या, निकाल आम्हाला दाखवू नका, पण निकाल बघून काय वाटलं ते दोन पानं लिहा. हिने चाचणी दिली. निकाल आला, 'काळ्यांपेक्षा गोऱ्यांकडे मध्यम प्रमाणात आपोआप कल.'

"मी? अरे मी स्वतः काळी आहे!"

हे मात्र खरं. आमच्या घरात तिच्या रंगावरून तिने जितकं ऐकलंय तितकं मी माझ्या मार्कांवरूनही ऐकलेलं नाही (आणि माझे मार्क तुम्हाला माहीत नाहीत). साय, बेसन, हळद, आणि बारावीपर्यंत फेअर अँड लव्हलीच्या ट्यूबा. त्या ट्यूबचं नाव २०२० साली ग्लो अँड लव्हली झालं, तेव्हा ती म्हणाली होती की चला, आता मला फक्त चमकायचंय.

तर बाईसाहेबांनी दोन पानं लिहून टाकली होती, आणि फाईल मला पाठवली होती. इंग्रजी झकास, राग त्याहून झकास. थोडक्यात मजकूर असा: मी ज्या गावची आहे तिथे काळे-गोरे हा प्रश्नच नाही. हा तुमचा आजार आहे, तुमच्या इतिहासातून आलाय, तो माझ्या डोक्यात सापडला असं मला सांगू नका. कळ दाबायला मला पाव सेकंद जास्त लागला म्हणून माझं चारित्र्य ठरवणारे तुम्ही कोण?

"वाचून सांग. उद्या रात्री बारापर्यंत द्यायचंय. आणि पप्पांना काही बोलू नको."

पप्पा म्हणजे मामा. बाहेर ओट्यावर पेपर वाचत होता.

आता ज्यांनी ही चाचणी दिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिचं नाव इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट. ग्रीनवाल्ड, मॅकघी आणि श्वार्ट्झ यांनी १९९८ साली ती मांडली, आणि ती जगभर पोचवण्यात मोठा वाटा मझरीन बानाजींचा. म्हणजे आपल्या शेजारच्याच. सिकंदराबादचा जन्म, शिक्षण हैदराबादच्या निझाम कॉलेजात. आमचं गावही कधीकाळी निझामाच्याच राज्यात होतं, त्यामुळे मला उगाचच जवळीक वाटली. :)

स्क्रीनवर एकेक चेहरा किंवा शब्द येतो. डावीकडचा असेल तर ई दाबा, उजवीकडचा असेल तर आय. आधी गोरे चेहरे आणि चांगले शब्द एका कळेवर, काळे चेहरे आणि वाईट शब्द दुसऱ्या कळेवर. मग अदलाबदल. पहिल्या जोडीत तुमची बोटं भराभर चालली आणि दुसरीत अडखळली, तर तो मिलिसेकंदांतला फरक मोजून यंत्र म्हणतं, तुमच्या डोक्यात ही जोडी आधीपासून जुळलेली आहे. प्रोग्रामर लोकांनी 'रेस कंडिशन' वगैरे विनोद सुचले असतील तर ते स्वतःजवळ ठेवावेत, मी सकाळीच करून झालोय.

मीही दिली. तीनदा. पहिल्यांदा 'थोडा कल', दुसऱ्यांदा 'मध्यम', तिसऱ्यांदा जवळजवळ काहीच नाही. तोवर हात बसला होता आणि चहा संपला होता. ऑफिसात एखादं टेस्ट केस तीन रनला तीन उत्तरं द्यायला लागलं तर आम्ही त्याला 'फ्लेकी' म्हणून बाजूला टाकतो. नंतर वाचलं तर संशोधकही साधारण तेच म्हणतात. एकाच माणसाने पुन्हा चाचणी दिली तर दोन निकालांतला सहसंबंध साधारण ०.५ असतो. हजारो माणसांची सरासरी काढायला ठीक, पण एकट्या माणसाच्या कपाळावर शिक्का मारायला अगदीच कच्चं. चाचणी ज्या संकेतस्थळावर आहे तिथेही अशा सूचना आहेतच. २०१९ साली ४९२ अभ्यासांचा एकत्रित हिशोब प्रसिद्ध झाला, त्यात निघालं की प्रयोगांनी चाचणीतला आकडा थोडाफार हलवता येतो, पण आकडा हलला म्हणून वागणं बदलतं असं दिसत नाही. स्टारबक्सने २९ मे २०१८ ला आठ हजारांवर दुकानं एका दुपारपुरती बंद ठेवून कर्मचाऱ्यांना पूर्वग्रहाचे धडे दिले होते, तेही याच काळातलं. (बानाजींचं एक मात्र मला आवडलं. स्वतःच्या चाचणीत आपणही नापास झालो हे त्या उघड सांगतात.)

हे सगळं वाचून मी बहिणीला मेसेज टाकला, "तुझं बरोबर आहे. पाठवून दे."

इथे खरं तर विषय संपला होता. पण रविवार होता, लॅपटॉप होता, आणि इंजिनियर माणसाला रिकामा वेळ देऊ नये.

मला वाटलं, काळे-गोरे हे आपलं नाहीच तर मग आपलं काय आहे? आडनावं. अशीच चाचणी मराठी आडनावांची केली तर? जावास्क्रिप्टच्या दीडशे-दोनशे ओळी. चांगले शब्द दहा, वाईट शब्द दहा, आणि आडनावांच्या दोन याद्या, वीस-वीसच्या. कोड लिहायला दीड तास लागला. याद्या करायला किती लागला असेल?

चार मिनिटं.

चाळीस आडनावं, एकदाही न अडता, कुठे न बघता, 'ही इकडची, ही तिकडची'. मी टाईप करत होतो आणि मध्येच हात थांबला. हे मला कोणी शिकवलं? शाळेच्या पुस्तकात नव्हतं. आईवडिलांनी कधी समोर बसवून सांगितलेलं नाही. तेराचा पाढा मला सातवीपर्यंत येत नव्हता, आजही तेरा सत्ते म्हटलं की मी क्षणभर थांबतो. या याद्या मात्र पाठ! चाचणी अजून सुरूही झाली नव्हती, आणि माझा निकाल लागला होता.

त्यातही एक गंमत. 'कर' लागलेली आडनावं मी यादीतून काढून टाकली, कारण त्यांवरून काही 'कळत' नाही. गावाचं नाव घेऊन त्याला कर लावलेलं आडनाव आमच्याकडे कोणाचंही असू शकतं. म्हणून पुढचा प्रश्न तयार असतो: गाव कोणतं? त्यानेही भागलं नाही तर गावात कुठे राहता, अमक्या पाटलांचे तुम्ही कोण... सर्व्हरला पत्ता सापडला नाही की तो पुढच्या सर्व्हरला विचारतो, तसंच. उत्तर मिळेपर्यंत विचारायचं, हसत, चहा देत. आमच्या मराठवाड्यात याला आपुलकी म्हणतात. आणि ती आपुलकी असतेही, हीच तर पंचाईत आहे.

दुपारी मामा आत आला. "काय करायलास रे सकाळधरून?" मी दाखवलं. ही कळ, ती कळ. "आन् ह्याच्यातून काय निघतंय?" म्हटलं, तुमच्या मनात नकळत कोणाबद्दल काय आहे ते निघतं.

"नकळत?" मामा म्हणाला. "मशीन कशाला पायजे? मला विचार की लेका, सांगतो."

आणि सांगितलं. कोण कसे, कोणाला घरात कुठवर येऊ द्यायचं, सोयरीक कुठे करायची नाही आणि का. पाच मिनिटं. अगदी शांतपणे, उसाचा भाव सांगावा तसं. ते मी इथे लिहीत नाही. तुमच्या घरातही एक मामा असेलच.

आता मामा म्हणजे कोणी दुष्ट माणूस नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हे गाव पडलं. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं, दमून झोपलेली माणसं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं अंगावर आलं. किल्लारी आणि आसपासच्या गावांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा, पण सगळं मामाकडून इतक्यांदा ऐकलंय की मी तिथे होतो असं वाटतं. ज्याचा हात दिसेल तो ओढायचा. तेव्हा विचारलं का मामा, गाव कोणतं, गल्ली कोणती? मी विचारलं. मामा गप्प बसला. मग म्हणाला, "तवा नव्हतं तसलं काही. पत्र्याच्या शेडात होतो तवर बी नव्हतं." मग? "मग घरं झाली."

मला त्या चाचणीबद्दल जे म्हणायचंय ते इथे आहे. 'नकळत' हा शब्द आपल्याला फार स्वस्तात सोडतो. चाचणीची सगळी धडपड माणसाने दडवून ठेवलेलं, त्याला स्वतःलाही न दिसणारं काहीतरी खणून काढण्याची आहे. अमेरिकेत असेल तशी गरज, तिथे उघड बोलायची चोरी आहे. आपल्याकडे खणायचं काय? आपलं ओट्यावर पडलंय. ज्याला विचाराल तो सांगतो. आणि ज्याला सांगायची लाज वाटते तो (म्हणजे मी) चार मिनिटांत यादी करतो.

मग मी मिलिसेकंद सोडून दिले आणि अर्जांचे आकडे शोधले. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे एक साधी गोष्ट केली. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता तुल्यबळ, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाशी तुलना करता दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याचे ऑड्स ०.६७ निघाले, मुस्लिम नावाच्या अर्जाला ०.३३. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. यात कोणाच्या मनात शिरावं लागलं नाही. अर्ज आत टाकले, फोन आले ते मोजले.

आता लगेच आमच्या क्षेत्रातले मित्र म्हणतील, आयटीत असलं काही नसतं. त्यांच्या बाजूनेही पुरावा आहे, तो लपवणार नाही. अभिजित बॅनर्जी (तेच, २०१९ च्या नोबेलवाले) आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात असाच प्रयोग केला, २००९ साली छापून आला. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून फरक सापडला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र सापडला. मला पहिली गोष्ट वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो प्रयोग अर्ज टाकण्यापर्यंतचा होता. अर्ज चाळताना आम्ही जावा किती वर्षं, पायथन किती वर्षं एवढंच बघतो. गोष्ट पुढे आहे, समोर माणूस बसल्यावर. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीत २५ मनुष्यबळ व्यवस्थापकांशी बोलून २००७ मध्येच लिहिलं होतं की हे लोक 'आम्ही फक्त गुणवत्ता बघतो' म्हणतात आणि लगेच पुढे उमेदवाराला घरची पार्श्वभूमी विचारतात. वडील काय करतात, भावंडं काय करतात, कुठले तुम्ही.

हे वाचलं आणि मला गेल्या वर्षीची एक दुपार आठवली. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर मी होतो. समोर एक मुलगा, बायोडेटावर जिल्हा लातूर. मला आनंद झाला, आपल्याकडचा पोरगा! त्याला मोकळं वाटावं म्हणून मराठीत विचारलं, "गाव कोणतं?" त्याने तालुक्याचं नाव सांगितलं. मी म्हटलं, "तालुका झाला, गाव कोणतं? आणि वडील काय करतात?" आडनाव 'कर'वालं होतं. तो पोरगा तोपर्यंत लिंक्ड लिस्टवर मस्त बोलत होता, तो एकदम आवळला. पुढचं सगळं उत्तर टेबलाकडे बघून. मी फॉर्मवर लिहिलं, 'कॉन्फिडन्स कमी.'

तो कॉन्फिडन्स मी कमी केला होता. माझा तसा हेतू होता का? नव्हता, शपथेवर सांगतो. पण हेतूची चाचणी घेऊन त्या मुलाला काय मिळणार? मला 'थोडा कल' आला असता किंवा 'शून्य कल' आला असता, त्याचा फॉर्म तसाच राहिला असता. त्या फॉर्मवर माझी सही आहे.

मामा म्हणाला ना, 'मग घरं झाली'. ती घरं कशी झाली तेही बघण्यासारखं आहे. जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, ५२ गावं नव्या जागी वसवली. घराचं माप ठरवताना कोणाला जात विचारली नाही. नियम जमिनीचा होता. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्यावर ७५०. नियम करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात पूर्वग्रह होता असं मला वाटत नाही, ज्याला धान्य-औजारं जास्त त्याला जागा जास्त असं साधं गणित असेल. पण पिढ्यान्पिढ्या जमीन कोणाकडे होती आणि कोणाकडे नव्हती? अनेक गावांत एका मापाची घरं एका भागात आली. जुन्या गावात गल्लीला जातीचं नाव असायचं, नव्या गावात मापाचं झालं. मामाचं घर ४०० चं. आमच्या शेतात गेली कित्येक वर्षं येणारे काका २५० मध्ये राहतात, गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्या भूकंपात ज्यांच्या डोक्यावर हलकं छप्पर होतं त्यांना वाचायची संधी जास्त होती, माळवद गरिबाच्या घराला नसतं. जमिनीने जे समान केलं ते सात-बाराने परत जागेवर आणलं. त्या अधिकाऱ्यांना चाचणीला बसवून सगळ्यांचा निकाल स्वच्छ आला असता, तरी एक चौरस फूट इकडचा तिकडे झाला नसता.

म्हणून मला चाचणी आणि व्याख्यानापेक्षा पाटी बदलणारी माणसं जास्त पटतात. शेजारच्या बीडमध्ये २०२५ साली पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांना एकमेकांना आडनावाऐवजी पहिल्या नावाने हाक मारायला सांगितलं, छातीवरच्या पट्टीवरून आणि टेबलावरच्या पाटीवरून आडनाव काढलं. लोक हसले. पहिल्या नावावरूनही पुष्कळदा कळतंच, हे मलाही कळतं (सर्व्हरची गोष्ट आठवा). डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला, तरी आमच्याकडे पत्ता सांगताना तोंडात जुनंच नाव येतं. मान्य. पण निदान तक्रार घेऊन आलेल्या माणसाला दारातच आडनाव वाचून 'आपला की त्यांचा' असा हिशोब करावा लागत नाही. ते तेवढं तरी कोणाच्या मनःपरिवर्तनाची वाट बघत बसलं नाही. आमच्या पॅनेलसाठी मी प्रश्नांची एक ठरलेली यादी करून पाठवली आहे, सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने, गाव-वडील बाद. एका सहकाऱ्याचं उत्तर आलंय, "मग आइसब्रेकिंग कसं करायचं?" बघू.

रात्री साडेनऊला बहिणीला फोन केला. तिकडे सकाळ झाली होती. म्हटलं, सकाळचा मेसेज रद्द. चाचणीबद्दल तू लिहिलंस ते ठेव, त्यात खोट नाही. पण 'आमच्या गावात हा प्रश्नच नाही' हे वाक्य काढ. मग चार मिनिटांच्या यादीचं सांगितलं, कॅम्पसवाल्या पोराचं सांगितलं. मामाचं सांगितलं नाही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं नेट गेलं.

"दादा, मागच्या वर्षी रूममेट शोधत होते ना..." ती म्हणाली. इथून जाणाऱ्या मुलींचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यात नांदेडची एक मुलगी होती. दोघींचं मस्त जमलं होतं, आठ दिवस रोज गप्पा, भांडी कोण नेणार, कुकर कोण नेणार इथपर्यंत. मग भाडेकराराच्या फॉर्मसाठी म्हणून हिने पूर्ण नाव विचारलं. तिने पाठवलं. हिने दुसऱ्या दिवशी कळवलं, सॉरी, रूम भरली.

"भरली नव्हती?"

"नव्हती. ऑगस्टपर्यंत नव्हती भरली."

मग म्हणाली, "हे लिहू का मी?" मी म्हटलं मला कशाला विचारतेस. "तिचा नंबर आहे अजून माझ्याकडे," असं म्हणाली आणि मग एकदम आजी काय करायलीय, गुडघा कसा आहे, असं सुरू झालं.

सोमवारी सकाळी पुण्याच्या बसमध्ये होतो तेव्हा तिचा मेसेज आला. "सबमिट केलं. दोन पानं सांगितली होती, तीन झाली."